त्रुटित ध्वनिचित्रमुद्रणाची चिकित्सा : आचोळे-सोपारे परिसराच्या संदर्भात

१

सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा उजेडात आला. असे तुटके लेख वाचताना संशोधक एक नियम कटाक्षाने पाळतो. जे अक्षर दगडावर नाही ते नाही असे तो स्पष्ट दाखवतो. आणि पदरचे अक्षर घातलेच तर ते कंसात घालतो. कारण तुटलेला लेख अभ्यासकाला चालतो. पण तुटलेला असून अखंड भासणारा लेख त्याची फसवणूक करतो.

याच सोपाऱ्याच्या पूर्वेस, रेल्वेच्या पलीकडे, आचोळे हे गाव आहे. एके काळी तळ्याकाठचे असलेले हे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने हे गाव मुंबईच्या प्रक्षेपणक्षेत्राच्या उत्तरेकडील अंगास वसलेले आहे. अशा ठिकाणी घरच्या घरी, लिनक्स प्रणालीवर चालणारा तळहाताएवढा संगणक आणि अंकीय ट्यूनर यांच्या साह्याने मराठी कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण करू पाहणाऱ्यास ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ केवळ यंत्रात सापडत नाही. ते गेल्या पन्नासहून अधिक वर्षांच्या प्रसारणाच्या इतिहासात विखुरलेले आहे. त्या इतिहासाच्या क्रमाने दोषांचा माग काढणे आणि मुद्रण तुटले असता ते कोठे व का तुटले याचा पुरावा कसा राखावा हे ठरवणे, एवढाच येथे हेतू आहे.

२

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. वरळी येथील मनोऱ्याची उंची सुमारे ३०० मीटर. आचोळ्यापासून त्याचे सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर, आणि दिशा जवळजवळ बरोबर दक्षिण. पृथ्वीच्या वक्रतेचा विचार करता एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सुमारे ७० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे आचोळे प्रक्षेपणाच्या कक्षेत होते, पण मुंबईतल्यासारखा भक्कम सिग्नल तेथे अपेक्षित नव्हता. मुंबई केंद्राचे मूळ प्रक्षेपण कमी वारंवारतेच्या पहिल्या पट्ट्यात होत असे. त्यामुळे अँटेनाच्या दांड्या दोन मीटरांहून लांब असत, आणि गच्चीवर किंवा कौलांवर बांबूच्या टोकाला बांधलेली ती दक्षिणाभिमुख आकृती ही त्या काळच्या वस्तीची एक खूण होती.

या काळाने मराठीला दोषवर्णनाचा एक अचूक शब्द दिला : 'मुंग्या'. सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर पांढरे-काळे ठिपके वळवळू लागत. त्यास 'मुंग्या येणे' असे म्हटले जाई. हा शब्दप्रयोग शास्त्रीय दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. अनुरूप, म्हणजे जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीच्या प्रक्षेपणात बिघाड हळूहळू वाढतो. मुंग्या थोड्या असल्या तर चित्र दिसते, अधिक झाल्या तर पुसट दिसते, फारच झाल्या तरी आवाज बहुधा कळतो. गच्चीवर एकाने अँटेना फिरवावी, खालून दुसऱ्याने 'आलं', 'गेलं' असे ओरडून सांगावे, ही त्या काळची दोषचिकित्सा होती; आणि डोळा हे तिचे पुरेसे साधन होते. दोष दिसत असे, म्हणून तो लपत नसे.

मुद्रणाची स्थिती मात्र निराळी होती. चुंबकीय फिती महाग असल्यामुळे जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे मुद्रित करण्याचा प्रघात जगातील अनेक प्रसारणसंस्थांत होता. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग याच प्रघातामुळे नाहीसे झाले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकात प्रेक्षकांच्या घरी मुद्रणयंत्र असणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे त्या काळातील जो कार्यक्रम केंद्राने राखला नाही, तो दुसऱ्या कोणी राखला असण्याचा संभव फार थोडा. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले आणि त्या दशकात व्हिडिओ कॅसेट यंत्र मध्यमवर्गीय घरांत शिरले, तेव्हा 'टेप करणे' हे क्रियापद ध्वनीपुरते न राहता चित्रासही लागू झाले. पण या फितीवर मुंग्यांसह सर्व काही उतरत असे आणि प्रत्येक प्रतीगणिक चित्र अधिक मलिन होत जाई. जुन्या पोथ्यांच्या नकलांप्रमाणे, मलिनतेवरून प्रतींची पिढी साधारणपणे ओळखता येई.

३

१९९० नंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. इमारतीवरून इमारतीवर टाकलेल्या केबलने गच्चीवरील अँटेना निरुपयोगी ठरवली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी वाहिनी सुरू झाली. तिलाच पुढे सह्याद्री हे नाव मिळाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने उपग्रहावरून विनाशुल्क थेट घरी पोहोचणारी सेवा सुरू केली. तीच आजची 'डीडी फ्री डिश'. मुंबई महानगरात ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचे प्रसारण अंकीय आणि कूटबद्ध करण्यात आले, आणि ३१ मार्च २०१७ ही सर्व देशासाठी या बदलाची अखेरची मुदत ठरली. २०१६ च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या पद्धतीचे भूतलावरील अंकीय प्रक्षेपण सुरू केले; आणि २०२१-२२ मध्ये देशातील बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपके टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. वरळीकडे तोंड करून उभ्या असलेल्या दांड्यांचे युग तेथे संपले. तिच्या जागी जी वस्तू आली तिला लोकांनी 'छत्री' म्हटले. ही छत्री दक्षिणेकडे पाहत नाही, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी ती आचोळ्यात आग्नेयेकडे वळवावी लागते आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर रोखावी लागते.

अंकीय प्रसारणात चित्र आणि ध्वनी यांचे रूपांतर पॅकेटांच्या प्रवाहात होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास निश्चित झालेल्या एम्पेग-२ प्रमाणानुसार प्रत्येक पॅकेट १८८ बाइटांचे असते. त्याचा पहिला बाइट नेहमी ७१ या मूल्याचा असतो, म्हणजे पॅकेटाची सुरुवात ओळखता येते. पुढे ते पॅकेट कोणत्या प्रवाहाचे, चित्राचे की ध्वनीचे, हे सांगणारा १३ बिटांचा क्रमांक असतो. शिवाय ० ते १५ असा फिरत राहणारा एक सातत्यक्रमांक असतो. आशय वाहणाऱ्या प्रत्येक पॅकेटागणिक तो एकाने वाढतो. ६ नंतर ७ येण्याऐवजी ९ आला, तर मधली दोन पॅकेटे गळाली हे निर्विवाद सिद्ध होते. या युक्तीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते : बरोबर १६ पॅकेटे सलग गळाली तर क्रमांक पूर्ववत जुळतो आणि तेवढी हानी या मोजणीतून निसटते.

येथे मुंग्यांचा नियम चालेनासा होतो. अंकीय प्रवाहात दोषदुरुस्तीसाठी अधिक बाइट जोडलेले असतात. जुन्या उपग्रहपद्धतीत १८८ बाइटांस १६ बाइट जोडून २०४ केले जातात आणि त्यांच्या आधारे ८ बिघडलेले बाइट पूर्ववत करता येतात. तेवढ्या मर्यादेत चित्र निर्दोष दिसते. मर्यादा ओलांडताच ते एकाएकी ठोकळ्यांत फुटते किंवा गोठते. दोष वाढत असताना डोळ्यास काहीच कळत नाही, आणि कळते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून अंकीय मुद्रणाच्या चिकित्सेत डोळ्याची जागा मोजणीने घ्यावी लागते.

भाषेच्या अभ्यासकास ही हानी किती महाग पडते, हे एका हिशेबावरून दिसेल. या प्रसारणातील ध्वनी बहुधा ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एक चौकट २४ मिलिसेकंदांची होते. ध्वनीचे एकच पॅकेट गळाले तरी किमान एक चौकट बिघडते. स्पर्शव्यंजनाचा स्फोट साधारणपणे याहून कमी वेळात आटोपतो. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने 'आमची माती आमची माणसं' यासारख्या कार्यक्रमात उच्चारलेले व्यंजन 'त' होते की 'ट', अल्पप्राण होते की महाप्राण, याचा पुरावा एका पॅकेटाबरोबर नाहीसा होऊ शकतो. ऐकणाऱ्याला त्या जागी केवळ हलकीशी टिकटिक ऐकू येते, किंवा तीही नाही. कारण अनेक वादक-कार्यक्रम अशी पोकळी मुकाट्याने शेजारच्या ध्वनीने भरून काढतात.

४

लहान संगणकावर मुद्रण शक्य झाले ते दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आल्यामुळे. लिनक्स प्रणालीचा आरंभ १९९१ चा. तिच्यात अंकीय दूरचित्रवाणीच्या ट्यूनरांची व्यवस्था बर्लिन येथील कन्व्हर्जन्स या कंपनीच्या कामातून आली, आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीपासून ती मूळ कर्नलचा भाग आहे. दुसरीकडे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिज येथून रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक विक्रीस आला. मुद्रणासाठी तो पुरेसा ठरतो याचे कारण असे की, मुद्रणात चित्राची उकल करावी लागत नाही. आलेली पॅकेटे जशीच्या तशी लिहून ठेवायची असतात. ४ मेगाबिट प्रतिसेकंद एवढ्या प्रवाहाची वाहिनी ताशी सुमारे १.८ गिगाबाइट जागा घेते. हा भार मामुली आहे. उलट उकलीचे काम जड असते, आणि त्या संगणकाच्या पहिल्या पिढ्यांत एम्पेग-२ ची यांत्रिक उकल करण्यासाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागे. यावरून पहिला नियम निघतो : पाहताना चित्र अडखळले म्हणजे मुद्रण बिघडले असे नव्हे. तीच फाइल दुसऱ्या समर्थ संगणकावर लावून पाहिल्याखेरीज मुद्रणास दोष देऊ नये.

यानंतर लहर ज्या क्रमाने प्रवास करते त्याच क्रमाने तपासणी केली पाहिजे. पहिला प्रश्न ट्यूनरच्या जातीचा. भूतलावरील, उपग्रहावरील आणि केबलवरील अंकीय प्रसारणांच्या पद्धती भिन्न आहेत. रास्पबेरी पायसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेली ट्यूनरपट्टी केवळ भूतलावरील डीव्हीबी-टी आणि टी२ पद्धतींसाठी आहे. छत्रीची वायर तिला जोडून काहीही मिळणार नाही. केबल आणि सशुल्क उपग्रहसेवा यांच्या पॅकेटांवर कूटबद्धतेची दोन बिटांची खूण असते. ती खूण उमटली असेल तर मुद्रणात अर्थहीन बाइट साठणे हा बिघाड नसून, प्रसारकाने जाणीवपूर्वक घातलेला अडसर आहे. हे न ओळखता ट्यूनर, वायर आणि प्रणाली बदलत राहणे म्हणजे कुलूप पाहून बिजागरी दुरुस्त करण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न कर्नलचा. यंत्र जोडताच कर्नल आपल्या नोंदीत त्याचा उल्लेख करतो. पुष्कळ ट्यूनरांना चालू होताना एक छोटी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बाहेरून पुरवावी लागते. ती फाइल नसेल तर नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असते. तरीही नोंद न वाचता यंत्रच नादुरुस्त ठरवले जाते. तिसरी एक अडचण शुद्ध ऐतिहासिक आहे. दुसऱ्या पिढीच्या उपग्रहपद्धतीस कर्नलमध्ये स्थान देण्याच्या रीतीवर बराच वाद झाला आणि डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत नवी रीत स्वीकारली गेली. त्यापूर्वीच्या धाटणीने लिहिलेले वाहिनीशोधक कार्यक्रम पहिल्या पिढीच्याच भाषेत विचारणा करतात. डीव्हीबी-टी२ चे प्रक्षेपण असता डीव्हीबी-टी म्हणून शोध घेतला, तर भक्कम सिग्नल असूनही एकही वाहिनी सापडत नाही.

पुढे छत्री आणि वायर. छत्रीच्या टोकाशी असलेल्या एलएनबीस १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तर संगणकाचा यूएसबी जोड ५ व्होल्टच देतो. म्हणून उपग्रह-ट्यूनरला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. तो सैल झाला तरी कर्नल यंत्र ओळखतो, पण सिग्नल पकडला जात नाही. वसईच्या किनारपट्टीची खारी हवा जोडांवर गंज चढवते आणि पावसाचे पाणी वायरीत शिरते. याशिवाय, ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असल्यामुळे मुसळधार पाऊस त्या स्वतःच शोषून घेतो. दोषाच्या वेळा पावसाच्या वेळांशी जुळतात काय, हे पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. तारीखवार टिपण पुरे होते. पाऊस थांबताच दोष थांबला तर कारण आकाशात आहे. पावसानंतर दोनतीन दिवस दोष रेंगाळला तर कारण बहुधा वायरीत आहे.

५

आता चिकित्सेचा गाभा. मुद्रणात सातत्यक्रमांक तुटलेले आढळले तर ते वाटेत तुटले की संगणकात, हे ठरवणे आवश्यक असते. कारण दोहोंचे उपाय परस्परांहून अगदी भिन्न आहेत. यासाठी प्रवाहातच एक साक्ष ठेवलेली आहे. ट्यूनरमधील उलगडक जेव्हा एखादे पॅकेट दुरुस्त करू शकत नाही, तेव्हा तो त्या पॅकेटातील दोषदर्शक बिट उभा करतो आणि दुरुस्त न झालेल्या गटांची आपली मोजणी वाढवतो. सातत्य तुटले आहे आणि त्याच वेळी ही मोजणी वाढली आहे, असे दिसले तर दोष छत्री, वायर किंवा हवामान यांचा आहे. सातत्य तुटले, पण मोजणी स्थिर आहे, असे दिसले तर पॅकेटे ट्यूनरपर्यंत सुखरूप आली होती. ती त्यानंतर गळाली. काही ट्यूनर बिघडलेली पॅकेटे पुढे पाठवतच नाहीत. म्हणून केवळ बिटावर न विसंबता मोजणीही पाहिली पाहिजे. या एका कसोटीने निम्मे संशयित निर्दोष सुटतात.

संगणकाच्या बाजूचे दोष त्याच्या लहानपणातून उद्भवतात. वीजपुरवठा दुबळा असेल तर यूएसबीवरील ट्यूनर क्षणभर निसटतो. रास्पबेरी पायच्या अनेक आवृत्त्या पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास तसा इशारा नोंदवतात. २०१९ च्या चौथ्या पिढीपूर्वी त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवृत्त्यांत जाळ्याचा जोड आणि यूएसबी एकाच वाटेने जात. त्यामुळे ट्यूनरमधून मुद्रण, त्याच वेळी यूएसबी डिस्कवर लेखन आणि जाळ्यावरून दुसऱ्या खोलीत प्रक्षेपण, असे तिहेरी काम पडले की पॅकेटे गळत. मेमरी कार्डाचे लेखन मध्येच थबकते, हेही एक कारण होऊ शकते. अशा वेळी मुद्रण वेगळ्या डिस्कवर आणि वेगळ्या वीजपुरवठ्यावर करून पाहिले की दोष कोठला हे लगेच उघड होते.

दोन दोष असे आहेत की त्यांत एकही पॅकेट गळत नाही, तरी मुद्रण अपुरे राहते. पहिला फाइलच्या आकाराचा. बाहेरील डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने आखलेली असेल तर तिच्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाही. ४ मेगाबिटांच्या प्रवाहात ही मर्यादा सुमारे २ तास २३ मिनिटांनी गाठली जाते. दर दीर्घ मुद्रण त्याच सुमारास तुटत असेल तर कारण शोधण्यास छत्रीपर्यंत जाण्याची गरज नाही. दुसरा दोष वेळेचा. या संगणकांपैकी अनेकांत, नेहमीच्या संगणकातल्याप्रमाणे, वीज नसतानाही चालणारे घड्याळ नसते. लाईट जाऊन पुन्हा आली की संगणक पूर्वी केव्हातरी जतन केलेली वेळ खरी मानून उठतो आणि जाळ्यावरून खरी वेळ मिळेपर्यंत मागेच राहतो. तेवढ्यात ठरलेल्या कार्यक्रमाची वेळ आली तर मुद्रण उशिरा सुरू होते किंवा मुळीच होत नाही. कार्यक्रमपत्रिकेतील वेळा प्रमाणानुसार जागतिक वेळेत द्यावयाच्या असतात. प्रसारकाने त्या भारतीय वेळेत भरल्या, तर सर्व मुद्रण बरोबर साडेपाच तासांनी सरकते. असा ठराविक फरक दिसला की तो यंत्राचा दोष नसून दोन संकेतांच्या गल्लतीचा परिणाम आहे, हे ओळखावे.

६

कार्यक्रमपत्रिकेचा आणखी एक दोष भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देण्याजोगा आहे. या प्रसारणप्रमाणातील मजकुराची मूळ वर्णमाला लॅटिन आहे. इतर लिप्यांसाठी आठ बिटांच्या आंतरराष्ट्रीय वर्णसारण्यांची एक मालिका वापरावी अशी योजना होती. त्या मालिकेतील बारावा क्रमांक देवनागरीसाठी योजला होता, पण ते काम १९९७ साली सोडून देण्यात आले. भारतात १९९१ चे इस्की प्रमाण होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेशही झाला होता. तरी दूरचित्रवाणीच्या सारणीमालिकेत ती जागा रिकामीच राहिली. आज देवनागरी मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात पाठवता येतो. पण त्याआधी २१ या मूल्याचा एक खुणेचा बाइट घालावा लागतो.

तो बाइट राहून गेला तर काय होते हे पाहणे उद्बोधक आहे. ग्राहक-कार्यक्रम मजकूर लॅटिन समजून वाचतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते; 'बातम्या' या शब्दाची सात चिन्हे २१ बाइट घेतात. लॅटिन वाचनात १२८ ते १५९ ही मूल्ये नियंत्रणखुणा मानली जातात आणि काही कार्यक्रम ती गाळून टाकतात. तिसऱ्या बाइटाची मूल्ये तपासली तर असे दिसते की, 'क' पासून 'ट' पर्यंतची अकरा व्यंजने, जवळजवळ सर्व स्वतंत्र स्वर आणि अनुस्वार या पट्ट्यात सापडतात. 'ठ' पासून पुढची व्यंजने त्यातून सुटतात. काना आणि ऱ्हस्व वेलांटी वाचतात. दीर्घ वेलांटी, दोन्ही उकार, मात्रा आणि हलंतचिन्ह नाहीशी होतात. हे गाळप एकदा झाले की मूळ शब्द पुन्हा निश्चित करता येत नाही, कारण 'क', 'ग' आणि 'च' यांच्यामागे सारखेच दोन बाइट उरतात. पण मूळ प्रवाह जसाच्या तसा राखला असेल तर सर्व बाइट त्यात सुरक्षित असतात, आणि केव्हाही योग्य रीतीने पुन्हा वाचता येतात.

७

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. अ‍ॅनालॉग फीत आपली हानी मुंग्यांच्या रूपाने अंगावर बाळगत असे. अंकीय प्रवाह ती सातत्यक्रमांकांच्या खंडात आणि दोषदर्शक बिटांत बाळगतो. पहिली डोळ्यास दिसते; दुसरी मोजल्यावाचून दिसत नाही, पण मोजल्यास तुटीची जागा नेमकी सांगते. मात्र ही साक्ष मूळ प्रवाहातच असते. जागा वाचवण्यासाठी किंवा दोष 'दुरुस्त' करण्यासाठी मुद्रण दुसऱ्या रूपात उतरवले की जुने क्रमांक टाकून दिले जातात, खंड जोडून घेतले जातात आणि तुटके मुद्रण अखंड दिसू लागते. आठ-दहा मुद्रणांनंतर कोणते खरोखर संपूर्ण आणि कोणते केवळ तसे भासणारे, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. अशा मुद्रणावरून एखाद्या बोलीतील व्यंजनलोपाविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक वस्तुतः वायरीतील गंजाविषयी निष्कर्ष काढत असण्याचा संभव आहे.

संशोधनासाठी अशी मुद्रणे करण्यास कायद्याची मोठी आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम खाजगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेले मुद्रण प्रसारणहक्काचा भंग मानत नाही. प्रसारण किंवा विक्री ही गोष्ट अर्थातच निराळी. तेव्हा अडचण आहे ती शिस्तीची. मूळ प्रवाह न बदलता ठेवावा. पाहण्यासाठी हवी तर वेगळी प्रत काढावी. प्रत्येक मुद्रणाबरोबर त्या वेळची कर्नलची नोंद, ट्यूनरची दोषमोजणी, सातत्यखंडांच्या वेळांची यादी आणि संगणकाचे घड्याळ जाळ्याशी जुळले होते की नाही याची टीप जोडावी. पाऊस, लाईट जाणे, छत्री हलवणे यांचे तारीखवार टिपण त्यात असावे. एवढ्या सामग्रीवरून काही वर्षांनी येणारा दुसरा अभ्यासक, ज्याने आचोळे पाहिलेले नाही, तोही एखाद्या शब्दातील पोकळी वक्त्याची आहे की पावसाची आहे हे ठरवू शकेल.

मुंबई केंद्राच्या पहिल्या वर्षांतील जे बोलणे कोणी राखले नाही ते आता परत मिळणार नाही. आज प्रसारित होणारे बोलणे राखण्याचे साधन काही हजार रुपयांत घरच्या कपाटावर मावते. त्याची प्रत तुटकी निघाली तरी हरकत नाही. सोपाऱ्याचा शिलाखंडही तुटकाच आहे. अट इतकीच की, अक्षर कोठे गेले आहे ते प्रतीवर लिहिलेले असावे.